ग्लॉकस एक नव्हे, चार

ग्रीक पुराणकथांविषयीचा एक दावा बराच फिरतो आहे. ग्लॉकस म्हणे एकच माणूस: लहानपणी मधाच्या रांजणात बुडून मेला, वनस्पतीने जिवंत झाला, तीच वनस्पती खाऊन समुद्रदेव बनला, ट्रॉयला लढला आणि शेवटी स्वतःच्याच घोड्यांनी त्याला फाडून खाल्ले. त्याचे चार केले ते नंतरच्या कवींनी, घोळ घालून.

आधी वनस्पती. रांजणात पडला तो क्रीटच्या राजा मायनॉसचा मुलगा. एका सापाने मेलेल्या सापावर पाला ठेवून त्याला उठवले, ते पाहून पॉलिइडस या द्रष्ट्याने तोच पाला मुलावर ठेवला. समुद्रदेव झालेला ग्लॉकस ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या अँथेडॉनचा कोळी. गवतावर ठेवलेले मासे पुन्हा जिवंत होऊन पाण्यात उड्या मारू लागले, म्हणून त्याने ते गवत चाखले. गाव वेगळे, बाप वेगळा. एकाला जीव परत मिळाला, दुसरा माणूसच राहिला नाही.

'नंतरच्या कवींचा घोळ' हे तर मुळीच टिकत नाही. होमरचे इलियड हे ट्रॉयच्या युद्धावरचे ग्रीकांचे सर्वांत जुने महाकाव्य. त्याच्या सहाव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या लिकियाचा ग्लॉकस ग्रीक योद्धा डायोमिडीससमोर उभा राहून आपले कुळ सांगतो: सिसिफसचा मुलगा ग्लॉकस, त्याचा बेलेरोफॉन, त्याचा हिप्पोलोकस आणि हिप्पोलोकसचा मी. म्हणजे एकाच भाषणात दोन ग्लॉकस, पणजोबा आणि पणतू! घराण्यातले नाव पुढच्या पिढीत ठेवण्याची रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच.  घोड्यांनी खाल्ला तो पणजोबा. पणतू ट्रॉयलाच ग्रीक वीर अजॅक्सच्या हातून पडला.

मायनॉसचा मुलगा तर लिकियाच्या बाजूने लढणे कठीणच. ट्रॉयला ग्रीकांकडून क्रीटचे नेतृत्व करणारा इडोमेनिअस हा मायनॉसचा नातू, म्हणजे या ग्लॉकसचा सख्खा पुतण्या.

प्राचीन ग्रीकांना हा फरक नीट ठाऊक होता. ईस्किलसने ग्लॉकसवर दोन नाटके लिहिली, 'पॉट्नियाचा ग्लॉकस' आणि 'समुद्रातला ग्लॉकस'. पहिले घोड्यांनी खाल्लेल्या, पॉट्निया गावच्या त्या पणजोबाचे, इ.स.पू. ४७२ मध्ये 'पर्शियन्स'सोबत सादर झालेले. दुसरे कोळ्याचे.

समुद्रदेवाच्या आईबापांविषयी जुन्या लेखकांत मतभेद आहेत, हे खरे. पण ते एकाच कोळ्याविषयीचे निरनिराळे पाठ आहेत. त्यांतल्या मतभेदाचा आधार घेऊन क्रीटचा मुलगा आणि लिकियाचा योद्धा एक ठरवता येत नाहीत.