वाटी सांभाळून

मठ्ठा पिऊन होतो, यजमान तिसऱ्यांदा ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात आणि मग ती वेळ येते. उठायची. मांडी घालून जेवण्याचं कौतुक सगळे करतात. उठण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी पडलो फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे पंगतीत माझं लक्ष पानातल्या वाटीपेक्षा समोरच्यांच्या गुडघ्याच्या वाटीकडे जास्त.

एक हात जमिनीवर, दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर, ‘अगं आई गं’ आणि तिसऱ्या हिसक्याला स्वारी उभी. उभं राहिल्यावर निदानही तयार : ‘ग्रीस संपलंय हो!’ अहो, धडधाकट गुडघ्यातही वंगण चमचाभर भरत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर ते उलट वाढतं, त्यालाच आपण ‘पाणी झालं’ म्हणतो. शिवाय मांडीचा स्नायू अशा वेळी न सांगता संपावर जातो, ते वेगळंच.

खरी हमाली हा स्नायूच करतो. नाव क्वाड्रिसेप्स, म्हणजे चार भाऊ. तिघं मांडीच्या हाडावरून निघतात, चौथा थेट कमरेच्या हाडावरून. खाली येऊन चौघांची एकच कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, होते, तिच्यात वाटी बसलेली असते आणि शेवट नडगीच्या वरच्या टेंगळावर. वाटी कंडरेला सांध्यापासून थोडी पुढे उचलून धरते, म्हणून तेवढ्याच ओढीत जास्त काम होतं. भाऊ अशक्त झाले की बोल मात्र वाटीला.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण 60 अंश वाकतो, खुर्चीतून उठताना 90 च्या जरा पुढे. उकिडवं बसलं की 150 च्या आसपास. मांडी घालताना वाकण्यात पीळही येतो. आत दोन गाद्या आहेत : आतल्या बाजूची इंग्रजी ‘सी’सारखी, बाहेरची जवळजवळ गोल. रक्तपुरवठा फक्त त्यांच्या बाहेरच्या कडेला. आतल्या भागात फाटलं तर ते आपणहून सांधणं कठीण. म्हणून वाकलेल्या गुडघ्यावर भार देऊन गर्रकन वळणारे काका दिसले की माझा घास घशात अडकतो.

गुडघ्यात अक्कल असतेच, तर ती पॉप्लिटियस या चिमुकल्या स्नायूकडे. ताठ उभं राहिलं की गुडघ्याला कडी लागते. वाकायच्या आधी मागच्या बाजूने तो ती काढतो. आभार कुणी मानत नाही.

पायाला मुंग्या आल्या, तर मात्र बिचाऱ्या सांध्याला शिव्या देऊ नका. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. मांडी घातली की ती दाबली जाते आणि पाऊल बधिर होतं. तसंच उठलात तर पाऊल उचललं जाणार नाही आणि तुम्ही शेजारच्याच्या जिलेबीवर. पाय लांब करून पावलं वरखाली हलवा, मुंग्या जाऊ द्या.

मग उठा, पण सरळ वर नव्हे. कुशीवर वळून हात जमिनीवर टेका, दोन्ही गुडघ्यांवर या. खाली घडी केलेली सतरंजी हवी. ज्या पायात बळ जास्त, त्याचं पाऊल पुढे रोवा. हात शेजाऱ्यावर नको, खुर्चीवर; तीही प्लॅस्टिकची डुगडुगती नको. नाक पावलाच्या पुढे जाईल इतकं वाका आणि जोर लावा. सगळी गोम या वाकण्यात आहे. पाठ ताठ ठेवून रुबाबात उठू पाहणारा धपकन मागे बसतो. ‘कट्’ आवाज आला आणि दुखलं नाही, तर लक्ष देऊ नका, भोवतीचे देतील.

घरी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. असं दहा वेळा. भाऊ जागे राहतात. हे मी समजावत असतो, समोरचे पोटावरून हात फिरवत मान डोलावतात, आणि एवढ्या सायासांनी उभ्या राहिलेल्या माणसापुढे यजमान विड्याचं तबक धरून म्हणतात, ‘बसा की हो दोन मिनिटं!’