धोंड्याचा महिना आणि गोडं पाणी

आमच्या गावात पाहुणा दारात आला की तांब्या पुढे करण्याआधी घरात एक नजरानजर होते. माणूस कोण, किती वेळ बसणार, उन्हातून आला की एसटीतून. खारं पाणी कोणाला देत नाही, तेवढी माणुसकी शाबूत आहे. पण गोडं किती द्यायचं, ते त्या नजरेत ठरतं.

गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वर काळीभोर जमीन, कपाशी-तूर दृष्ट लागावी अशी. खाली विहीर खणा, की मिठाचं पाणी. जुन्या काळी इथल्या विहिरींच्या पाण्यातून मीठच काढत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरला मानकं वाचता येत नाहीत. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा न दाणा आपली ओळख राखून असतो.

म्हणून सारी मदार नळावर. हे पाणी पार सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून येतं. येण्याला वार नाही, वेळ नाही. आधी नुसती हवा येते, तोटी शिटी मारते आणि मध्यरात्री गल्लीत आरोळी उठते, "नळ आले!" मग माणसं अर्ध्या झोपेत गुंड, बकेटा, डबक्या घेऊन धावतात. शेजारचा टिल्लू पंप सुरू झाला की आमच्या तोटीची धार करंगळीएवढी होते, आणि जे शब्द ऐकू येतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

साठवलेल्या पाण्याचं खातं आजीकडे. तिच्या राज्यात पाणी एकदा वापरून सुटत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी गाईच्या टोपल्यातल्या ढेपेत, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, हात धुतलेलं पपईला. पेला तोंडाला न लावता वरून प्यायचा, आणि जेवढं पिणार तेवढंच ओतून घ्यायचं. पेल्यात घोटभर उरलं तर ती काही बोलत नाही. नुसती पेल्याकडे पाहत बसते. बोललेलं परवडतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. म्हणजे धोंड्याचा महिना, आणि तोही ऐन भट्टीत. तेहतीस अनारसे खायला भाऊजी पुण्याहून आले. पारा पंचेचाळीसला टेकलेला. भाऊजी न्हाणीत शिरले आणि बकेट ओतल्याचे आवाज येऊ लागले. एक. दोन. पाठोपाठ तिसरी. प्रत्येक आवाजाला आजी जपमाळेचा एक मणी ओढत होती, पण तोंडात नाव देवाचं नव्हतं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर. भाऊजींनी बहुधा आंघोळीतच उरकलं.

आता जावयाला बोलणार कोण? लेकी बोले सुने लागे, या न्यायाने मला बोलावण्यात आलं.

"काहून रे, पाणी का तुया बापानं सुरतेहून आणलं?" आजी न्हाणीच्या दाराकडे तोंड करून मला ओरडली. मी तेव्हा कोरडा ठणठणीत, खाटेवर बसलेलो.

सुरत तिला बरोबर ठाऊक आहे. आमची पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेकडून समुद्रात जाते. शिवरायांनी सुरतेहून आणलं, आपण सुरतेला फुकट पाठवतो, हे तिचं दर पावसाळ्यातलं दुःख.

दुपारी कूलरचा प्रश्न आला. कूलरमध्ये आम्ही बोअरचंच पाणी टाकतो. महिनाभरात ताटीचं गवत मिठाने पांढरं, कडक होतं. भाऊजींनी ते बोटाने खरवडलं आणि त्यांच्यातला इंजिनीअर जागा झाला. "पाणी वाफ होऊन उडालं, मीठ इथेच राहिलं! समुद्रातही हेच होतं, म्हणून पाऊस गोडा." खार खाली टाकून पाणी वर जातं, ढगात थंडावतं, थेंब होऊन परत येतं, असं सगळं जलचक्र त्यांनी कूलरला टेकून सांगितलं. आजीने शांतपणे ऐकलं.

"म्हंजे वरून गोडंच येते."

"हो ना आजी! एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर. तुमचं छत पन्नास चौरस मीटरचं धरा, पाऊस साडेसातशे मिलिमीटर. साडेसदतीस हजार लिटर! इकडचं तिकडचं वाया गेलं तरी तीस हजार कुठे जात नाहीत."

पुणेकर माणसाने वऱ्हाडी म्हातारीसमोर आकडा असा उघड्यावर ठेवू नये.

"मंग पन्हाळ कवा लावता, जवाईबापू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमचे तेहतीस अनारशांचे मानकरी कमरेला टॉवेल गुंडाळून शिडीवर होते. मी खालून शिडी धरलेली. जुना पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हाळ झाली, खाली वाळू-गिट्टीचं गाळणं, त्याखाली टाकी. नऊ वाजेपर्यंत टिन असं तापलं की भाऊजी त्यावर एक पाय ठेवून दुसऱ्याचा विचार करत होते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, छतावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते, हे त्यांनी वरूनच बजावलं. सोडून द्यायचं हे शब्द आजीला नीट ऐकू आले नाहीत. म्हशीला देऊ, असं ती म्हणाली.

संध्याकाळी भाऊजींना बकेटभर गोड्या पाण्याची आंघोळ मिळाली. तीही आजीने स्वतः काढून दिली. गावात असा मान आजवर कोणाला मिळालेला नाही, हे भाऊजींना पटवायला मला बराच वेळ लागला.

पुढचा धोंड्याचा महिना साधारण बत्तीस महिन्यांनी. आजीने गोठ्याचं छत त्यांच्यासाठी राखून ठेवलंय.