खुलासा: मे मस्क आणि ‘पहिली वयस्कर मॉडेल’

‘मुलाच्या पैशामुळे म्हातारपणी मॉडेल झालेली जगातली पहिली बाई’ असा मजकूर उद्योगपती इलॉन मस्क यांच्या आई मे मस्क यांच्या फोटोसह फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्या पंधराव्या वर्षापासून, दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून, हे काम करत आल्या आहेत. 2017 मध्ये, 69व्या वर्षी, त्या ‘कव्हरगर्ल’ या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडचा चेहरा झाल्या, एवढं खरं.

पहिल्या तर त्या नाहीतच. अमेरिकन मॉडेल कार्मेन डेल’ओरेफिचे 1947 मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या आणि 2017 मध्ये, 85व्या वर्षी, पॅरिसमध्ये चिनी फॅशन डिझायनर ग्वो पेई यांच्या शोमध्ये रॅम्पवर चालल्या. सत्तर वर्षांची ही कारकीर्द एका खोट्या ओळीत पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.