हरलेल्या मॅचचे फोटो

आज सकाळी लेकीच्या फुटबॉल टीमच्या ग्रुपवर कोच सरांचा मेसेज आला. ‘कालच्या फायनलचे फोटो आणि स्कोअर कुणीही कुठेही टाकू नये. टाकले असतील तर डिलीट करावेत.’ पोरी काल 7-0 हरल्या. बरं मग? सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

अकरा वर्षांची पोर मला विचारते, "आई, आपण फायनलला पोचलो होतो हेपण सांगायचं नाही का?" बूट तिने पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलून ठेवलेत.

मी तिला बिल व्हीकची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या बेसबॉल टीमचा मालक असलेला हा माणूस मला फार आवडतो. 1948 मध्ये त्याची क्लीव्हलंड इंडियन्स टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलची फायनल, जिंकली, सीझनभरात 26 लाखांवर लोक मॅच बघायला आले. पुढच्याच वर्षी टीम घसरली. सप्टेंबरात कळलं की यंदा काही खरं नाही. दुसरा मालक असता तर तोंड लपवून बसला असता. व्हीकने चॅम्पियनशिपच्या झेंड्याची अंत्ययात्रा काढली! शववाहिका आणली, स्वतः उंच काळी हॅट घालून बसला, आणि भर स्टेडियममध्ये, प्रेक्षकांसमोर, झेंडा पुरला. टीम तिसरी आली होती हो. पण लोक आजही त्या हरलेल्या सीझनची गोष्ट सांगतात.

आणि हे त्याने एकदाच केलं असं नाही. 1947 मध्ये लू बूद्रो या लाडक्या खेळाडूला विकायचा त्याचा बेत बाहेर फुटला आणि गावभर बोंब झाली. हा गडी त्या रात्री बारमागून बार पालथे घालत लोकांना सांगत सुटला, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. बूद्रो राहिला, आणि पुढच्याच वर्षी खेळाडू आणि मॅनेजर अशा त्याच्याच हाताखाली टीम जिंकली. माफीनाम्याचा कागद छापून मोकळं होणाऱ्यांनी हे वाचावं.

दुसऱ्या महायुद्धात मागे सरकलेल्या तोफेने त्याचा पाय चिरडला, शेवटी कापावा लागला. त्याने लाकडी पायात खळगा कोरून घेतला आणि त्यात सिगारेटची राख झाडायचा. एवढं सगळं उघड्यावर ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही लाजवणार कशाने?

हो, त्याचं सगळंच मला पटत नाही. 1951 मध्ये 3 फूट 7 इंच उंचीच्या एडी गेडेलला बॅटिंगला पाठवलं, त्यात त्या माणसाच्या उंचीचाच तमाशा झाला. 1979 मध्ये शिकागोत, त्याच्या तेव्हाच्या टीमच्या मैदानावर, डिस्को संगीताच्या तबकड्या फोडायचा कार्यक्रम हाताबाहेर गेला, लोक मैदानात घुसले, मॅच सोडून द्यावी लागली. चुकलंच ते. पण अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) लॅरी डोबी हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू 1947 मध्ये आणणाराही हाच, हे विसरून चालणार नाही.

ग्रुपवरचा मेसेज मी आत्ता पुन्हा वाचला. सकाळी वाटला होता तेवढा दुष्ट नाही वाटत आता. सरांनाही वाईट वाटलं असेल, पोरींना कुणी चिडवू नये असंही वाटलं असेल. पण सर, पोरी तुमच्याकडूनच शिकतात ना. हरलेलं लपवायचं असतं, हेही त्या आज तुमच्याकडूनच शिकल्या.

गोष्ट ऐकून लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, आपल्याकडे झेंडा नाहीये. स्कोअरशीट चालेल?"

बूट बाहेर आलेत. तिने गोलकीपरला फोन केला (पोरगी कालपासून कुणाशी बोलत नव्हती, आज बोलली). रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला खड्डा खणायचाय. टीममधल्या सगळ्या येणार आहेत, सरांनाही बोलावलंय. काळे कपडे घालून या. आणि फोटो काढा, खूप काढा.