मग तूच का नाही केलास साफ?

"फक्त कार्ब्युरेटर साफ करायचाय, बाकी मशीन एकदम मस्त." जुना सिंगल-स्टेज स्नोब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ ओढून बाजूला फेकणारं छोटं यंत्र, विकायला काढून जाहिरातीत हे वाक्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला मला समोर बसवून विचारायचंय, की बाबा रे, मग तूच का नाही केलास साफ? खालच्या वाटीचा एक बोल्ट. वाटी काढायची, जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी काढायची, स्प्रे मारायचा, छिद्र मोकळं करायचं, परत बसवायचं. सवय नसेल तरी एका दुपारचं काम. बंद मशिनाला जे पैसे मिळतात त्यापेक्षा चालू मशिनाला कितीतरी जास्त मिळतात, हे विकणाऱ्याला कळत नाही होय? एवढा दानशूर कर्ण कोण लागून गेलाय, जो स्वतःचा फायदा उचलून माझ्या पदरात टाकतोय? त्याने साफ करून पाहिलेलं असतं. तरीही ते सुरू झालेलं नसतं. म्हणून ते विकायला आलेलं असतं!

आणि ते तुंबलं कशाने, तर ह्यांच्याच आळसाने. थंडी संपली की टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, किंवा निदान पेट्रोलमध्ये ते टिकवणारं स्टॅबिलायझर टाकून ठेवायचं, एवढंच करायचं असतं. महिनाभरातच साधं पेट्रोल खराब व्हायला लागतं. वाटीतलं ते घोटभर पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट चिकट थर राहतो. जेटचं छिद्र मिलिमीटरभरही नसतं, त्यात तो थर बसला की कारभार आटोपला. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं, मग वाटीच्या तळाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी गंज चढते. हे सगळं करून वर जाहिरातीत मान ताठ ठेवून लिहायचं, "व्यवस्थित वापरलेलं." वापरलेलं कबूल. व्यवस्थित कुठून आलं?

बरं, जे चालू आहे म्हणतात त्यांची तऱ्हा आणखी निराळी. फोनवर ठरवलेल्या वेळेला आपण जातो, बघतो तर मशीन आधीच गॅरेजच्या बाहेर काढून ठेवलेलं. मालक हसतमुख. दोरी एकदाच ओढतो, फटकन सुरू. "बघा, पहिल्या झटक्यात!" मी सायलेन्सरच्या जाळीजवळ हात नेला तर धग लागतेय. म्हणजे मी यायच्या आधी ह्याने किती घाम गाळून ते चालू केलं असेल, देव जाणे. गरम इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होणारच हो! पहाटे उणे तापमानात, रात्रभर गारठून पडलेलं इंजिन सुरू होतं का, प्रश्न तो आहे. हे यंत्र गारठ्यातच वापरायचं असतं, हे विकणाऱ्याच्या गावीही नसतं. "जरा थंड होऊ द्या, मग पुन्हा बघू" म्हटलं, की लगेच ह्यांना कुठेतरी जायचं असतं.

चोकवाले महाभाग तर विचारूच नका. गार इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त देतो तो चोक, सुरू झालं की हळूहळू बंद करायचा असतो. इथे मी चोक बंद करायला हात पुढे केला तर मालक ओरडला, "अहो, तो राहू द्या तसाच! त्याला चोकवरच सवय आहे." इंजिनाला सवय? ते काय पाळलंय का? चोक बंद केला की बंद पडतं, ह्याचा सरळ अर्थ जेट अर्धवट तुंबलंय आणि पेट्रोल पुरेसं येत नाहीये. तसंच ते आवाज वर-खाली, वर-खाली करत गुरगुरत चालणारं इंजिन. त्यावर म्हणे, "थंडीत सगळीच अशी चालतात." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पण माझं डोकं खरं सटकलं ते टू-स्ट्रोकवाल्यावर. जुन्या सिंगल-स्टेज मशिनांत टू-स्ट्रोक इंजिनं खूप असायची. हलकी, ताकदवान, पुढे प्रदूषणाच्या नियमांमुळे मागे पडली. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसारखं ह्यांच्याही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं, मॉडेलप्रमाणे ५०:१, ४०:१ किंवा ३२:१. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. टाकीच्या झाकणावर बहुधा लिहिलेलंही असतं. मी सहज विचारलं, "मिक्स किती टाकता?" तर चेहरा कोरा. "मिक्स? साधंच पेट्रोल टाकतो की. गाडीला टाकतो तेच." किती दिवस? "घेतल्यापासून." मी गपकन गप्प. ह्या इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते, पेट्रोलबरोबर येणारं ऑइल हेच वंगण. ते नसेल तर पिस्टन सिलिंडरवर कोरडा घासतो. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे सरळ दिसतात. टॉर्च माझ्या खिशात असतेच. पण सायलेन्सरचे दोन स्क्रू काढू का विचारलं, तर मालकाला केवढा अपमान वाटला! "तुम्ही काय, मेकॅनिक आहात का? घ्यायचं तर घ्या, मागे लाइन लागलीय." असू दे लाइन. त्या लाइनीचं मला वाईट वाटतंय.

फोटोंबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतोच. हिरव्यागार गवतावर, दहा हात लांबून, बाजूने काढलेला एक फोटो. समोरून मशिनाच्या तोंडाचा फोटो पाठवा म्हटलं की मेसेजला उत्तरच नाही. का, ते प्रत्यक्ष गेल्यावर कळतं. सिंगल-स्टेजमध्ये सगळी मदार त्या रबरी पॅडलांवर. तीच फिरून बर्फ ओढतात, तीच चूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, बाहेर फेकतात, मागे दुसरा पंखा नाही. शिवाय ती जमिनीला घासतात म्हणूनच मशीन स्वतःला थोडं पुढे ओढतं. म्हणजे पॅडल झिजली की बर्फ लांब जात नाही आणि मशीनही पुढे जात नाही, आपण बैल होऊन ढकलायचं. मी वाकून पाहिलं तर पॅडलांच्या कडा गोल झालेल्या, एका टोकाला रबर फाटून आतले धागे लोंबताहेत, आणि पॅडलांभोवतीच्या पत्र्यापासून बोटभर फट. मागची जमीन खरवडणारी स्क्रेपर पट्टी इतकी झिजलेली, की खालचं प्लॅस्टिकच जमिनीवर घासून पांढरं पडलंय. "नवीनच आहेत," मालक म्हणाला. कोणत्या शतकात नवीन होती, ते तेवढं विचारायचं राहिलं.

खडीच्या रस्त्यावर वापरलं होतं का, तर हो, सरळ सांगतो, लाजबीज काही नाही! पॅडल जमिनीला टेकणारं मशीन खडीवर चालवलं की ते बर्फाबरोबर दगडही भिरकावणार, चूट तडकणार, रबर फाटणार. कुणाच्या खिडकीला लागलं नाही हे शेजाऱ्यांचं नशीब.

एक भाऊ म्हणाले, बटणस्टार्ट चालत नाही, बॅटरी उतरली असेल. मी मशीन सगळीकडून न्याहाळलं. ह्याच्यात बॅटरीच नाही, दादा! बाजूला तीन पिनांचं तोंड दिसतंय ना, तिथे घरातल्या प्लगमधून वायर लावायची आणि मग बटण दाबायचं. इतकी वर्षं ते बटण नुसतंच दाबत बसले होते बहुतेक.

आणि हवामान खात्याने मोठ्या बर्फाचा इशारा दिला रे दिला, की आदल्या दिवशी ज्या भंगाराला कुत्रं विचारत नव्हतं त्याची किंमत रातोरात चढते. वर फुशारकी, "टू-स्टेजसारखंच काम करतं." नाही करत. टू-स्टेजमध्ये पुढचं ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू, बर्फ गोळा करतं आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पंखा, तो फेकतो, म्हणून ते खोल बर्फात चालतं. हे यंत्र वीतभर हलक्या बर्फाचं. नांगरगाडीने रस्त्याकडेला लोटून ठेवलेला, ओला, दगडासारखा झालेला ढीग ह्याला द्याल तर बेल्ट घसरून जळका वास येणार. ह्यात मशिनाचा दोष नाही, ते आपल्या जागी झकास आहे. म्हणून तर मला तेच हवंय! छोटं, हलकं, कोपऱ्यात मावणारं. त्याच्याबद्दल खोटं बोलायची गरजच काय?

तेव्हा विकणाऱ्यांनो, निदान एवढं करा. मी येईपर्यंत मशिनाला हात लावू नका. पॅडलांचा फोटो जवळून, समोरून, उजेडात पाठवा. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते स्वतः आधी बघून घ्या. आणि टाकी कोरडी असेल तर ते फोनवरच सांगा. "पेट्रोल नाही हो, तुम्ही आणलंय का? नाहीतर सुरू करून दाखवलं असतं" हे बर्फातून एवढं लांब आल्यावर, तुमच्या दारात उभं राहून मला पुन्हा ऐकायचं नाहीये.