साधी गाठ आणि सात सेंटीमीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अ‍ॅड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी. एका बाईंची तिथली गाठ मी काढली, त्या लेखावर ‘गाठ साधी आहे असं तुम्हीच लिहिता आणि पुढच्याच परिच्छेदात ती काढायला सांगता. माझ्या मेहुण्याची अ‍ॅड्रिनलची गाठ सात सेंटीमीटरची आहे, रिपोर्टात मायलोलिपोमा लिहिलंय, दुखत नाही, खुपत नाही. घाबरवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपवायचे हे धंदे’, असं तुम्ही लिहिलंत. राग आला तो अगदीच अकारण नाही. ‘चार सेंटीमीटरच्या वरची गाठ काढावीच लागते’ हे माझं वाक्य चुकलं. आम्हाला तसंच शिकवलं होतं, हात तसाच वळला. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार, कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या सीटीत गाठ एकसारखी दिसली आणि तिची घनता १० हाउन्सफील्ड (सीटीत घनता मोजायचं एकक) किंवा कमी भरली, तर आकार कितीही असो, ती साधीच, म्हणजे कॅन्सर नसलेली, धरायची.

मायलोलिपोमा म्हणजे चरबी आणि अस्थिमज्जेसारखी ऊती यांचा गोळा. तो कॅन्सर नाही, कॅन्सरात बदलतही नाही. मेहुण्यांना त्रास नसेल, गाठ वाढत नसेल, तर सहा-बारा महिन्यांनी पुन्हा सीटी करून वाट पाहणं हा रास्त मार्ग आहे. कुणी ‘उद्याच दाखल व्हा’ म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या.

मग लेखातल्या त्या बाईंची का काढली? त्यांची नऊ सेंटीमीटरची होती, कुशीत अचानक कळ येऊन त्या आल्या होत्या (सुरुवातीला मूतखडाच समजून दोन दिवस गेले), आणि सीटीत चरबीच्या मधोमध घट्ट, वेडावाकडा भाग दिसत होता. तो रक्तस्राव की दुसरं काही, हे बाहेरून छातीठोकपणे सांगता येईना. सुई घालून बायोप्सी का नाही, असंही तुम्ही विचारलंय. गाठ फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रिनलिनसारखी हार्मोन ओतणारी गाठ) असेल तर सुई टोचताच रक्तदाब आभाळाला भिडू शकतो, माणूस जाऊ शकतो. आणि कॅन्सर असेल तर पेशी बाहेर सांडायची भीती. म्हणून ज्या गाठीची चरबी स्पष्ट दिसत नाही तिच्यासाठी आधी मेटानेफ्रिनची (त्या हार्मोनपासून बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी. ती जास्त निघाली तर आधी रक्तदाब आवरणाऱ्या अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, साधारण दहा-चौदा दिवस, मगच भूल. त्यांची ती नॉर्मल आली. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी रक्तातलं कॉर्टिसोल (याच ग्रंथीचं स्टेरॉइड हार्मोन), हेही तपासलं. गाठ गुपचूप कॉर्टिसोल ओतत असेल आणि ते लक्षात न घेता ती काढली, तर दुसरी ग्रंथी झोपलेली असते आणि रुग्ण वॉर्डात कोसळतो. तुम्ही ज्याला ‘बिल फुगवणं’ म्हणालात ते हेच.

दुर्बिणीने गाठ काढायचा हट्ट म्हणाल तर तो आता नवा राहिलेला नाही. सर्जन मिशेल गॅन्ये यांनी १९९२ साली माँट्रिअलहून या पद्धतीचा पहिला अहवाल दिला. खरी कसोटी उजव्या बाजूला लागते. तिथली अ‍ॅड्रिनलची शीर जेमतेम सेंटीमीटरभर लांब असते आणि थेट महाशिरेत शिरते. यकृत वर उचलून धरलेलं, आणि त्या आखूड देठावर क्लिप बसेपर्यंत थिएटरात कुणी बोलत नाही. कॅन्सरचा दाट संशय असता तर मीच पोट उघडून काढली असती, कारण तिथे गाठीचं आवरण फाटून चालत नाही.

ट्रेवर कापली तेव्हा आत लोण्यासारखी पिवळी चरबी आणि मधोमध कॉफीच्या रंगाचं जुनं, साकळलेलं रक्त. पॅथॉलॉजीतही मायलोलिपोमाच निघाला. बाई चौथ्या दिवशी घरी गेल्या.

मूळ लेखातलं ते वाक्य आजच बदलतो. मेहुण्यांच्या रिपोर्टात घनतेचा आकडा आणि ‘एकसारखी’ असा शेरा आहे का ते बघा, आणि नाव झाकून इथे टाका.