सारंगखेड्याचा घोडा आणि मोटरसायकलचा काटा

आबा, राम राम.

वेगाच्या विक्रमांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत, बरं केलंत. तुमचे आक्षेप तीन. शाळेच्या पुस्तकात तुम्ही चित्त्याचा वेग 110-120 वाचलेला, मी त्याला ताशी 98 किलोमीटरवर आणून ठेवलं. ससाण्याला 389 दिले, पण तो तर वरून खाली कोसळताना. त्याला उडणं कसं म्हणायचं? आणि तिसरा, ज्यावर तुमचा खरा राग आहे: सारंगखेड्याच्या यात्रेत तुमच्या पुतण्याने घोड्याशेजारी मोटरसायकल पळवली, काटा 80 वर होता, मग घोड्याचा विक्रम 70 चा कसा? "घोडा वारासारखा पयस, काटा काय खोटं बोलस का?" असं तुम्ही विचारलंत.

ससाण्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. 1999 मध्ये विमानातून उडी घेणाऱ्या माणसासोबत एक शिकवलेली ससाण्याची मादी सोडली होती, तिने पंख मिटून सूर मारला तेव्हाचा तो आकडा आहे. पंख मारत सरळ उडणारी पाकोळी ताशी 111 किलोमीटरने मोजली गेली आहे. या दोन गोष्टी एका रांगेत मांडायला नको होत्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

चित्त्यावर मात्र मी ठाम आहे. 110-120 हे आकडे जुन्या ढोबळ मोजणीचे, पुस्तकातून पुस्तकात उतरत आलेले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाच्या सारा नावाच्या मादीने मोजलेले 100 मीटर 5.95 सेकंदांत तोडले. आता भागाकार करून बघा: सरासरी ताशी 60 च भरते! 98 हा तिने त्या धावेत गाठलेला सर्वात मोठा वेग. धावपटू उसेन बोल्टचंही तसंच. 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटरला 9.58 सेकंद, म्हणजे सरासरी साडेसदतीस; पण 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात तो ताशी 44 च्या पुढे होता. दोन्ही आकडे खरेच, फक्त कुठला कशाचा ते सांगावं लागतं. बोत्स्वानातल्या रानटी चित्त्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे बांधून मोजलं, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे सर्वाधिक वेग 93 निघाला, आणि बहुतेक वेळा शिकार करताना तर ते याहून बरेच कमी वेगाने धावले होते. चित्ता जिंकतो तो झटक्यात वेग घेण्यावर आणि वळण्यावर. मला तर हे 120 पेक्षा जास्त थरारक वाटतं.

आता घोडा. काटा खोटं बोलतो, आबा, आणि मुद्दाम बोलतो. गाडीच्या काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो, असा नियम अनेक देशांत आहे. म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. शिवाय घोडा बरोबरीने होता की अर्धं अंग मागे, हे धुळीत कोणी बघितलं? घोड्याचा विक्रम विनिंग ब्रू नावाच्या दोन वर्षांच्या घोडीचा, 2008 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला: 402 मीटर 20.57 सेकंदांत. ताशी 70 ही या पूर्ण अंतराची सरासरी आहे. तुमचा घोडा क्षणभर 70 गाठत असेलही, मी नाही म्हणत नाही. पण यात्रेत घोड्याची किंमत ठरते ती रेवाल चालीवर, स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडू न देणाऱ्या चालीवर. ती कमी मोलाची आहे का?

या मोजण्यामागे मी इतका का लागतो, तेही सांगतो. पूर्वी एका शाळेत मी पोरांच्या धावण्याच्या वेळा घ्यायचो. धडगावकडच्या पाड्यावरचा एक मुलगा अनवाणी 100 मीटर 11.3 सेकंदांत पळाला. सगळी शाळा नाचली. विभागीय स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक घड्याळावर त्याचे 11.86 आले. "सर, मी कमी पळालो," एवढंच बोलला आणि नंतर मैदानावर आलाच नाही.

तो कमी पळाला नव्हता. मी शेवटच्या रेषेवर उभा राहून शिट्टी ऐकून घड्याळ दाबलं होतं. आवाजाला 100 मीटर यायला जवळपास 0.3 सेकंद लागतात, तेवढा वेळ तो माझ्या घड्याळाआधीच पळत होता. म्हणून तर जाणकार वेळाधिकारी पिस्तुलाचा आवाज ऐकत नाहीत, धूर बघतात. त्यानंतरही हाताने घेतलेल्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून मगच यंत्राच्या वेळेशी तुलना करायची पद्धत आहे. बेरीज करा: 11.84. पोरगा दोन्ही दिवशी सारखाच पळाला होता. हे गणित मला तेव्हा माहीत असतं तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं असतं. आजही ते मनातून जात नाही.

म्हणून आकड्यासोबत वारा किती, अंतर कसं मोजलं, वेळ कोणी घेतली हे मी लिहितो. अमेरिकेचा धावपटू टायसन गे 2008 मध्ये 100 मीटर 9.68 सेकंदांत पळाला, पण पाठीमागून सेकंदाला 4.1 मीटर वारा होता आणि मर्यादा 2 ची, म्हणून तो विक्रम नाही. 1997 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी ही गाडी ताशी 1,227.985 किलोमीटरने नेली, ती तासाभरात जाऊन उलट दिशेने परत आल्यावरच मान्य झाली. दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वारा आणि उतार कोणाच्याच बाजूने राहत नाही.

तुमच्या घोड्याचंही असंच करू. येत्या दत्तजयंतीला मी सारंगखेड्याला येतो, सोबत लांब फीत आणि दोन घड्याळं आणतो. तापीकाठच्या सपाट जागेवर 400 मीटर मोजू, एकदा जाताना आणि एकदा येताना. पुतण्याला सुरुवातीच्या रेषेवर उभं करा, हातात लाल उपरणं द्या. घोडा रेषेवरून गेला की त्याने ते खाली आणायचं. शिट्टी नको.